आरसेमामांची चुकलेली सभा

लाकडाला पॉलिश करणं हा ज्याचा पोटाचा धंदा, त्याने दारू सोडायची म्हणजे मिठाईच्या दुकानात बसून उपाशी राहण्यासारखं. पॉलिशची लाख विरघळते स्पिरिटात, आणि स्पिरिटाचा वास सकाळपासून नाकात घर करून बसलेला.

त्यांनी हात फिरवलेल्या टेबलात तोंड दिसायचं, म्हणून फर्निचरच्या कारखान्यात सगळे त्यांना आरसेमामा म्हणत. पुढे पिण्याने हात थरथरायला लागले, टेबलं मंद पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोने बरीच वर्षं सोसलं. मुलीच्या लग्नात मामा व्याह्यांच्या देखत खुर्चीसकट आडवे झाले, तेव्हाही ती काही बोलली नाही. लेकीकडे राहायला म्हणून गेली, ती आलीच नाही. जाताना घर झाडून, पाणी भरून, दार ओढून गेली. भांडून गेली असती तर बरं झालं असतं, असं मामांना नंतर फार वाटे. भांडणाला निदान उत्तर देता येतं.

मग लिव्हरने दगा दिला. दवाखान्यातून मामा सुटले ते दारू सोडूनच. दारू सुटली, पण संध्याकाळ काही सुटेना. कारखाना बंद झाला की पाय आपोआप बारच्या रस्त्याला लागत. मामा ते ओढून समोरच्या फुटपाथवर आणत. एकदा आतून जुन्या दोस्ताचा आवाज आला. तो मामांचाच एक किस्सा सांगत होता आणि शेवट पार वाया घालवत होता. तरी सगळे हसले. आत जाऊन तो किस्सा नीट सांगावा, एवढंच मामांना वाटलं. पिण्याचं मनातसुद्धा नव्हतं. पण दाराच्या कडीवर हात गेला होता, हे त्यांना घरी आल्यावर उमजलं.

पुढच्या तपासणीला त्यांनी नर्सला हे सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जा. दारू सोडलेली माणसं तिथे एकत्र बसतात. कोणी नावही विचारत नाही."

मामा धुतलेला शर्ट घालून गेले. वरच्या मजल्यावर दार उघडं होतं, माणसं गोल करून बसली होती. मामा कडेच्या खुर्चीत टेकले. एक गृहस्थ तावातावाने म्हणत होते, "रोज मध्येच बंद पडते! आम्ही म्हातारी माणसं, करायचं काय?" मामांनी मान डोलावली. बाजूच्या बाई म्हणाल्या, "माझा तर श्वास कोंडतो." मामांचे डोळे भरून आले. आपल्यासारखेच आहेत सगळे. शेवटी कोणीतरी त्यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं? दुरुस्त करायची की नवीन बसवायची?"

ती शेजारच्या इमारतीच्या लिफ्टची सभा होती. मामांनी दुरुस्तीच्या बाजूने हात वर केला आणि पाय काढता घेतला.

जिन्याशी वॉचमन होता. मामांनी विचारलं, "ते... न पिणाऱ्यांचं कुठे असतं?"

"पिणाऱ्यांचं ना? पलीकडच्या टोकाला. पण संपलं असेल आता."

संपलंच होतं. एक पिकल्या केसांच्या बाई खुर्च्या एकावर एक चढवत होत्या. साफसफाईच्या असाव्यात, असं समजून मामा म्हणाले, "मंडळी गेली वाटतं. पुढच्या शनिवारी येतो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, वरच्या दोन खुर्च्या पुन्हा खाली उतरवल्या आणि एकीवर बसल्या. "दोघं असलो की झाली सभा. बसा. आधी मी बोलते."

आयुष्यभर त्या शाळेत गणित शिकवत होत्या, आणि बाटली खडूच्या खोक्यामागे असायची. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, म्हणाल्या. हे त्यांनी पाऊस थांबला म्हणावं तसं सांगितलं.

"बायकोची आठवण येते," मामा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "खोटं कशाला बोलू? तिची येते तशीच बाटलीचीही येते. कधी कधी कोणाची येतेय तेच कळत नाही. लाज वाटते."

"मला अजून येते," बाई म्हणाल्या. "इथे सांगून टाकायची. घरी भिंतींना सांगितली की त्या बारचा रस्ता दाखवतात."

त्यांनी समजूत घातली नाही, उपदेशही केला नाही. दिवे घालवून दोघं एकत्रच जिना उतरले.

मामा शनिवार चुकवेनासे झाले. बऱ्याच महिन्यांनी लेकीने रविवारी जेवायला बोलावलं. बायकोने वाढलं, पण समोर बसली नाही. मामा निघाले तेव्हा मात्र दाराशी आली.

"तिथे जाता म्हणे. काय बोलता?"

"तुझ्याबद्दल."

"चांगलं की वाईट?"

"खरं."

"इतकी वर्षं मी समोर होते, तेव्हा नाही बोललात," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचं काही चुकत नव्हतं. मामा बसच्या खिडकीशी बसले. दारू प्यायली असती तर हे वाक्य सकाळपर्यंत पुसलं गेलं असतं. आता ते तिच्या आवाजासकट जवळ राहणार होतं. दुखत होतं, पण बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज त्यांच्याबरोबर घरी येत होता. मामांनी तो सांडू दिला नाही.