खुंटीवरची पिशवी

नदीकाठी बसलं की मासा मिळो न मिळो, किस्सा मात्र हमखास मिळतो. आमच्या टोळीचे तर इतके साचलेत की एक सांगायला गेलं की दुसरा मधेच तोंड घालतो! टोळी म्हणजे दर रविवारी नांदेडहून गोदावरीला जाणारे आम्ही तिघं. शिलाईचं दुकान असलेले रफिकभाई, मुदखेडकडचे शेतकरी गंगाधरअण्णा अन् मी.

आधी माझ्या जागी आमचे मालक होते. ते गेले अन् त्यांची मासे धरायची पिशवी खुंटीवर राहिली. चाकूरचे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, माळ्यावर टाका ते. बाईमाणसानं काठी घेऊन नदीवर जाणं शोभतं का?"

"माळ्यावरून काढताना दोरा गुंततो, भाऊजी."

"गुंतू द्या की!"

म्हणलं, बरं. अन् रविवारी पिशवी उचलून गेले!

*

मालकांच्या पिशवीत सगळी खिचडी. हात घातला की गळ टोचलाच. मी घरातला मसाल्याचा डबा रिकामा केला. जिऱ्याच्या वाटीत चिलापीचे बारीक गळ, हळदीच्या वाटीत रोहूचे, मिरचीच्या वाटीत मरळीचे मोठे. मधे दोऱ्याला वजन म्हणून लावायचं शिसं.

रफिकभाई पोट धरून हसले. "भाभी, मच्छी पकडने आए की पकाने?"

तेवढ्यात त्यांच्या काठीला मरळ लागली अन् दोरा तोडून गेली. दुसरा गळ शोधायला पिशवीत हात घातला, तर अंगठ्यातच रुतला. बसले चोखत.

जरा वेळानं हळूच आवाज आला, "भाभी, वो मिरची की कटोरी देते क्या?"

*

रोहूला मरळीसारखी बेडकी चालत नाही. त्याला कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ अन् बडीशेप मळून गोळे लागतात. हा डबा वेगळा, जेवणाचा वेगळा. अण्णांनी एकदा भुकेच्या भरात नको तोच उघडला!

"लाडू बरे झालेत वहिनी, पण तूप लई कमी पडलं."

"अण्णा, ते माशांचे हायेत!"

अण्णा थांबले. हातातल्या गोळ्याकडं बघितलं अन् तोंडात टाकला. "मंग तुपाचं काय कारण न्हाई."

*

गल्लीत चर्चा नको म्हणून रफिकभाईंनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची लांब खोळ शिवून दिली. काठी आत, वरून नाडी. पहिल्याच रविवारी शेजारीण दारात उभी!

"भजनाला का? वीणा हाय व्हय आत?"

"हाव," म्हणलं.

"थांबा, मी बी येते!" चप्पल घालायला लागली ना बाई!

मला माझाच राग आला. मी काय चोरी करून राहिले का? भर गल्लीत खोळ ओढून काढली. "ही काठी हाय, अन् मी मासे धरायला चालले! कुणाला काय म्हणायचंय?"

शेजारीण एक चप्पल पायात घालून तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "मंग येताना चिलापी आणा!"

*

ही बातमी चाकूरला पोचायला कितीसा वेळ! भाऊजी आले, स्टूल घेतलं अन् पिशवी माळ्यावर टाकली. ते फाट्यावर पोचायच्या आत मी खाली काढली. पुढच्या खेपेला तेच. शेवटी ते तापले. "आता दिसली तर गोदावरीतच फेकतो, वहिनी!"

"फेका. मी गळ टाकून परत काढते."

बोलले खरी, पण रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. त्यातल्या दोऱ्यांना मालकांनी स्वतः मारलेल्या गाठी आहेत. एकही गाठ मी सोडलेली नाही.

मग एक दिवस भाऊजींचा फोन. आवाज एकदम मऊ. लेकीचे सासरे येणार होते, त्यांना मरळच पाहिजे होती अन् बाजारात कुठं मिळेना.

"वहिनी, जमंल का?"

"जमंल की. पिशवी उचलायला या."

आले! बिनखोळीची काठी खांद्यावर अन् पिशवी हातात घेऊन अख्ख्या गल्लीतून माझ्यामागं चालले. शेजारीण दारातच. "अगं बया, भाऊजी बी?" त्यांनी मान वर केली नाही. काठावर मी म्हणलं, "मिरचीची वाटी द्या," तर मुकाट्यानं दिली.

दुपारपर्यंत मरळ मिळाली. चांगली हातभर.

घरी आलो. मरळ बादलीत ठेवली. पिशवी भाऊजींच्याच हातात होती. माळ्याखाली स्टूल होतं, त्यांनी त्याच्याकडं बघितलं.

भाऊजी वळले, पिशवी खुंटीला अडकवली, बंद नीट केला.

"माळ्यावरून काढताना दोरा गुंततो," म्हणाले.