पाटसची फ्रेंच गढी

साइटवर दोन वर्षं काढली की इंजिनिअरकडं किस्सेच उरतात. पगाराचं विचारू नका! मी केंदूरचा. पाटसजवळ आप्पांची गढी बांधली ती मीच, त्यामुळं लग्नाकार्यात जेवायला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला, "काय हो, ती फ्रान्सची गढी..." आणि माझा भात गार होतो.

*

आप्पा बडे बागायतदार. युरोपच्या टूरवर गेले. फ्रान्समधल्या एका खेड्यात जुनी गढी बघायला गाडी थांबली. बाकीचे फोटो काढत होते, आप्पा वितीनं भिंतीची जाडी मोजत होते.

परत आले ते थेट आमच्या ऑफिसात. "तीन हाताची भिंत हाय! आन् तुम्ही आम्हाला विटेवर वीट उभी करून देता व्हय? हेच बांधायचं. पोरीचं पहिलं लग्न तिथंच."

"पहिलं म्हणजे?"

"म्हंजी गढीतलं पहिलं! नीट ऐका की."

*

डिझाइनला पुण्याच्या मॅडम आल्या. फ्रान्समध्ये शिकलेल्या. त्यांनी समजावलं, हा राजवाडा नव्हे, जमीनदाराचं घर. लढाया चालायच्या, मोकाट शिपाई गावं लुटायचे, म्हणून घराला बुरूज, खंदक, उचलता पूल. पण तटबंदीला राजाची परवानगी लागायची.

"म्हंजी ग्रामपंचायतीचा दाखला."

"तसंच. पण काहीजण आधी बांधायचे आणि परवानगी नंतर काढायचे."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "मग आपलीच माणसं हायती की!"

*

मॅडमनी सहज विचारलं, "आप्पा, तेव्हा शत्रू होते. तुमचा शत्रू कोण?"

आप्पांनी बांधापलीकडच्या उसाकडं बोट केलं. "नाना. माझा चुलतभाऊ."

हातभर बांधावरनं दोघं बारा वर्षं बोलत नव्हते. बुरुजाचं तोंड कुठं करायचं हा प्रश्नच मिटला!

*

बुरुजातला गोल जिना. मॅडम म्हणाल्या, "असं सांगतात की हा उजवीकडं वळत वर जातो, म्हणजे खालून चढणाऱ्याचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडतो."

आप्पा जिन्यापाशी गेले. सहा पायऱ्या ओतून झाल्या होत्या.

"तोडा. उलटा फिरवा. नाना डावखुरा हाय."

बिहारी मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "साहब, दुश्मन का हाथ देख के सीढ़ी हम पहली बार बना रहे हैं!"

*

खंदकात पाणी सोडलं. महिन्याभरात पाझरून ते नानांच्या कोरड्या विहिरीत! नानांचा ऊस आप्पांच्या उसाच्या वर गेला.

नाना चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटले, "भाऊ असावा तर असा! माझ्या विहिरीसाठी घराभोवती खड्डा काढला बिचाऱ्यानं."

आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं, वजन उतरंल."

*

दारावर, वरच्या सज्ज्यात भोकं होती. शत्रू दाराशी आला की वरनं दगडधोंडे टाकायला. काकूंनी ठरवलं, तिथनं व्याह्यांवर फुलं टाकायची.

"टाका फुलं," आप्पा म्हणाले. "पण चार धोंडेबी वर नेऊन ठिवा. मानपानावरनं कोण रुसलंच तर?"

*

आणि लग्नाचा दिवस. गावजेवण, अख्ख्या तालुक्याला पत्रिका. एका नानांना सोडून.

नवरदेव आला की पूल थाटात खाली येणार होता. घोडा आला, बँड आला, मी बटण दाबलं. मोटर जळाली! पूल वरच. पलीकडं वऱ्हाड, अलीकडं नवरी, मुहूर्ताला पंधरा मिनिटं. पोरगी खिडकीत रडकुंडीला आलेली. आप्पा स्वतः येऊन बटण दाबायला लागले.

मॅडम ओरडल्या, "मागचं छोटं दार! वेढा पडला की निसटायला ठेवतात ते!"

दार होतं, खंदकावर फळीही होती. पण फळी उतरत होती नानांच्या उसात. आणि तिथं वाट नव्हती.

आप्पांनी पोरीकडं बघितलं, स्वतः कुलूप काढलं आणि फळी ओलांडली. मी त्यांच्या मागं.

समोर वाट होती. डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत, घोडा जाईल एवढा ऊस ताजा तोडलेला, पाचटसुद्धा उचललेलं. बांधावर नाना, धुवट धोतरात, उघड्या डोक्यानं.

"आठ दिस तुझा पूल कुरकुरतोय," नाना म्हणाले. "माझ्या घरात ऐकू येतंय. म्हणलं, ह्यो दगा देणार."

आप्पा म्हणाले, "नाना... पत्रिका द्यायची राहिली रं."

"म्हणून तर मी आलो न्हाई. मी माझ्या बांधावर उभा हाय. आलायस तू!"

बँड वाटेनं जवळ येत होता. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गर्रकन वळून माझ्यावरच खेकसले, "बघत काय उभा राहिलायस? नवरीच्या चुलत्याला फेटा आण!"