जळगावच्या दुकानातले तीन मसाजर

"मॅडम, धरा त्याला! पडेल खाली!"

दुकानदार ओरडेपर्यंत तो मसाजर काउंटरच्या काचेवरून आपला आपण चालत माझ्या पर्सपर्यंत पोहोचला होता. मी तो पकडला. माझा हात कोपरापर्यंत थरथरायला लागला आणि शेजारच्या शोकेसमधले कप किणकिणू लागले. दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली.

"गुडघ्यासाठी हवाय," मी कोणी न विचारता जाहीर केलं.

मी धुळ्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मसाजर बघायला मी धुळे सोडून जळगावला का आले होते, ते आधी सांगते. धुळ्यात मी भाजी घ्यायला थांबले तरी कोणीतरी एखादं पोर पुढे ढकलून म्हणायचं, "मॅडम, हा तुमच्याकडेच झालेला." अशा गावात लेडी डॉक्टर विजेचे मसाजर हातात घेऊन तुलना करायला लागली, तर दुपारपर्यंत माझ्या दवाखान्याच्या अख्ख्या गल्ली नंबर पाचला माझ्या तब्येतीची काळजी लागली असती.

मसाजर बघण्याचं कारण होत्या एक शिक्षिका. त्यांना तायडे बाई म्हणू. खरं नाव वेगळं होतं. त्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायच्या. तिथून भुसावळ, जळगाव दोन्ही मागे टाकून, पारोळ्यावरून एसटीने माझ्याकडे यायच्या. जवळ डॉक्टर नव्हते असं नाही. जवळचे डॉक्टर ओळखीचे होते.

पहिल्यांदा त्या कंबरदुखी घेऊन आल्या. मग डोकेदुखी. मग झोप लागत नाही म्हणून. सगळ्या तपासण्या नॉर्मल. एकदा मात्र तपासणी झाल्यावर उठल्याच नाहीत. पर्सची चेन उघडत-लावत बसल्या.

"मॅडम, नवराबायकोच्या संबंधात बायकांनाही काहीतरी होतं म्हणतात ना, शेवटी? ते मला कधी झालंच नाही. दोन मुलं झाली, पण ते नाही. माझ्यात काही कमी आहे का?"

त्यांच्यात काहीच कमी नव्हतं. आम्ही डॉक्टर लोक याला क्लायमॅक्स म्हणतो, म्हणजे सुखाची परमावधी. पुष्कळ बायकांना ती नुसत्या संबंधातून मिळत नाही. बाहेरच्या नाजूक भागाला वेगळा आणि जरा जास्त वेळ स्पर्श लागतो. हा आजार नाही, शरीराची रचनाच तशी आहे. पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही कोणी सांगितलं नसावं. आमच्या कॉलेजातही हा विषय अर्ध्या तासात उरकला होता, आणि त्यातला निम्मा वेळ सरांनी खोकण्यात घालवला होता.

मी त्यांना समजावलं. मग म्हटलं, "हातात धरायचा छोटा मसाजर मिळतो. अंगदुखीसाठी म्हणून विकतात. परदेशात डॉक्टर तो या कामालाही सुचवतात. जळगावला बाजारात एका दुकानात आलेत म्हणे."

"कोणता घ्यायचा?"

"छोटासा घ्या."

"छोटासा म्हणजे केवढा? आवाज होतो का? आमच्याकडे सासूबाई शेजारच्या खोलीत असतात. तापतो का? शॉक बसला तर?"

शिक्षिकाच त्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी ती वस्तू आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. एका इंग्रजी पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं होतं, तेही काळंपांढरं.

"पुढच्या वेळेस सांगते," मी म्हटलं. "आणि मिस्टरांना घेऊन या."

"ते येणार नाहीत," बाई म्हणाल्या. मी मान हलवली. नवरे येत नाहीत हे मला ठाऊकच होतं.

तर अशी मी त्या काउंटरशी पोहोचले. दुकानदार रमणशेठ उत्साही माणूस होता. त्याने तीन मसाजर मांडले होते. पहिला, तो चालत आलेला, लाटण्याएवढा आणि वजनाला वरवंट्यासारखा. दुसरा आखूड, वीतभर दांडीचा, टोकाला लिंबाएवढं रबरी डोकं, मागे वायर. तिसरा त्याहून बारका, दोन सेलवर चालणारा, टॉर्चसारखा.

पंख्याखाली खुर्चीत रमणशेठची आई बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत. शेठ प्रत्येक मसाजरचा डेमो तिच्याच गुडघ्यावर द्यायचा. पहिला लावला तशी अक्का अहिराणीत कळवळली.

"माय वं, हाऊ तं लई बोंबलस! शेजारीन इचारी, घरमा चक्की टाकी का?"

सेलवाला लावला. तो डासासारखा गुणगुणला आणि थोडा दाब देताच बंद पडला.

"हाऊ तं मरी गया," अक्काने निकाल दिला.

मधला लावला. अक्काने नुसते डोळे मिटून घेतले. शेठ तो काढायला गेला तर तिने त्याचा हात धरून ठेवला.

मी मधल्यावर विचार करत होते तेवढ्यात शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीच्या अलीकडचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला लहान स्क्रू-ड्रायव्हर. "शेठ, तो हातात धरायचा मसाजर दाखवा," ते हळूच म्हणाले. "गुडघ्यासाठी."

"घ्या! आज बठ्ठ्या, अख्ख्या जळगावचे गुडघे धरलेत वाटतं," शेठ म्हणाला आणि तिन्ही मसाजर त्यांच्यापुढे सरकवले.

त्या गृहस्थांनी जे सुरू केलं ते बघून मी माझी लाज विसरले. त्यांनी पहिला चालू केला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावलं आणि मूठ कानाला. आम्ही छातीला स्टेथोस्कोप लावतो अगदी तसं. डोळे मिटून ऐकलं. मग दुसरा. मग तिसरा. मग तिन्हींच्या पाठीवर तळहात ठेवून कोणता किती तापतो ते बघत बसले.

"तुम्ही याच लाइनमधले का?" मला राहवलं नाही.

"उलट्या लाइनमधला, मॅडम. मी पॉवर हाउसमध्ये आहे. आमच्याकडे टर्बाइन असतं, वाफेवर फिरणारं अजस्र यंत्र. ते थोडं जरी जास्त थरथरलं तरी धोका. मी दिवसभर ती थरथर मोजतो आणि कमी करतो. वाढवायचं काम आजवर केलेलं नाही."

"मग यातला कोणता बरा?" मी विचारलं. एवढा तज्ज्ञ आयता मिळाला होता.

ते खुलले. "थरथरीत दोन गोष्टी बघायच्या. किती जोरात आणि किती भराभर. हा सेलवाला भराभर थरथरतो, पण जोर नाही. वरवरच झिणझिण्या येतात, थोड्या वेळात कातडी बधिर होते. दाबला की मोटर गुदमरते. हा मोठा, जोर भरपूर, पण बेअरिंग ढिलं आहे. सगळी ताकद आवाजात जाते आणि धरणाऱ्याच्या मनगटात. हा मधला सावकाश आणि खोलवर हलतो. आवाज घुमा आहे, दाराबाहेर जाणार नाही. कमी-जास्त करायचं बटण आहे. वायर आहे एवढाच त्रास."

"लाइट गेली तर?"

"आमच्या कॉलनीत लाइट जात नाही," ते किंचित अभिमानाने म्हणाले.

पॉवर हाउस. कॉलनी. मला तायडे बाई आठवल्या. पण पॉवर हाउसमध्ये शेकडो माणसं काम करतात, असं मी स्वतःला बजावलं.

"गुडघ्याचा त्रास तुम्हाला आहे का?" मी जपून विचारलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिक्सर दाखवायला गेला होता. अनोळखी माणसाशी बोलणं कधी कधी सोपं जातं.

"मिसेससाठी हवाय. त्या धुळ्याला कुठल्या लेडी डॉक्टरकडे जातात. त्या डॉक्टरीणबाईंनी डोक्यात भरवलं. मशीन घ्या म्हणे! मला आधी संताप आला. एवढी वर्षं संसार केला, आता माझ्या जागी मशीन?"

मी काउंटरवर विकायला ठेवलेल्या इस्त्रीकडे एकटक बघत होते.

"मग आलात कसे?" मी विचारलं.

"ती मला सांगून मोकळी झाली आणि लगेच म्हणाली, नको, राहू दे. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. पहिल्यांदा मागितलं, तेही 'राहू दे' म्हणून परत घेतलं. मला त्या 'राहू दे'चा फार त्रास झाला, मॅडम. दोन रात्री झोप नाही. म्हटलं, आपण निदान वस्तू तरी चांगली बघून आणू."

आता माझी पंचाईत झाली. पेशंटची गोष्ट डॉक्टर बाहेर बोलत नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. गप्प राहिले तर मी या माणसाचं मन फसवून ऐकल्यासारखं होत होतं. बोलले तर बाईंचा विश्वास मोडत होता. शेवटी मी फक्त माझ्यापुरतं खरं सांगितलं.

"साहेब, मी धुळ्याची लेडी डॉक्टर आहे. तुम्ही म्हणता ती मीच का दुसरी कोणी, ते मी सांगणार नाही. पण मीही इथे गुडघ्याचंच कारण सांगितलंय, आणि ते खोटं आहे."

त्यांच्या हातात तेव्हा नेमका मोठा मसाजर होता. तो सुटला. चालू होता. फरशीवर पडून गोल गोल फिरत तो अक्काच्या खुर्चीखाली शिरला, आणि अक्का दोन्ही पाय वर घेऊन ओरडली, "घूस! घूस शे!" रमणशेठने धावत जाऊन प्लग काढला. दुकानात हशा पिकला. त्या गोंधळात आम्ही दोघं बाहेर पायरीवर आलो. गृहस्थ घामाघूम झाले होते.

"मी तुम्हाला काय काय बोललो..."

"डोक्यात भरवलं म्हणालात. ते खरंच आहे. माझा धंदाच तो."

ते हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "डॉक्टर, एकच सांगा. ते मशीन आणलं की माझं काय काम उरतं?"

हा प्रश्न मला नंतर अनेक पुरुषांनी विचारला, पण इतका सरळ कोणीच नाही.

"तुमचं टर्बाइन आपलं आपण चालतं का?" मी विचारलं.

"छे! माणूस लागतो. सतत लक्ष ठेवावं लागतं."

"मग इथेही तसंच. कुठे, किती, कधी थांबायचं, हे सांगणार तुमच्या मिसेस. ऐकणार तुम्ही. मशीन फक्त हलतं. आधी कमी स्पीडवर, पातळ कापडावरून. दुखलं, बधिर वाटलं, की लगेच बंद."

"म्हणजे ट्रिप." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजावलं, "मर्यादेबाहेर गेलं की यंत्र बंद करायचं. आमचा पहिला नियम."

"तोच इथलाही पहिला नियम."

ते आत गेले आणि मधला घेऊन आले. रमणशेठने "गॅरंटीचा माल आहे, डॉक्टर लोक नेतात" असं आतून ओरडून सांगितलंच. मी रिकाम्या हाताने एसटी स्टँडकडे गेले. मला हवी होती ती माहिती मिळाली होती.

पुढच्या वेळेस तायडे बाई आल्या, तेव्हा त्यांच्यामागून तेच गृहस्थ केबिनमध्ये शिरले. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, पहिल्यांदाच भेटत असल्यासारखा. त्यांनी तो नमस्कार इतका मनापासून आणि इतका वाईट वठवला, की बाईंना पहिल्याच मिनिटात संशय आला.

"तुम्ही ओळखता का मॅडमना?"

"इस्त्री बघताना भेटलो," ते म्हणाले आणि सगळं सांगून बसले, घुशीसकट. बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कंबरदुखी, डोकेदुखी, झोप, या सगळ्या भेटींत मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि त्या जरा वेळ रडल्यासुद्धा. नवरा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. मग त्याने खिशातला रुमाल काढून पुढे केला. मी फाइल चाळत राहिले.

महिन्याभराने बाई एकट्या आल्या.

"कसं काय?" मी विचारलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. पण ते 'ठीक' सांगताना कानापर्यंत लाल झाल्या, त्यावरून मी काय ते समजले.

"काही अडचण?"

"सुरुवातीला होती. हे आधी मशीनलाच कान लावून बसायचे. बेअरिंगचा आवाज बदललाय म्हणे! शेवटी मी म्हटलं, मशीनचं सोडा, माझं ऐका." त्यांनी पर्सची चेन लावली. "मग ऐकलं. आता तर कपाटातून काढतही नाही आम्ही कधी कधी. लागतंच असं नाही."

त्यानंतर पेशंटला कोणतीही वस्तू सुचवण्याआधी मी ती स्वतः हातात धरून, चालवून बघायला लागले. हा झाला एक धडा. दुसरा जास्त कामाचा होता. बाई जायला निघाल्या तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तर म्हणाला होतात, मिस्टर येणार नाहीत?"

"मला वाटलं येणार नाहीत."

"विचारलं होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

विचारलं का, हे मीही तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं. तेव्हापासून "ते येणार नाहीत" असं कोणी म्हणालं, की मी ते केस पेपरवर लिहीत नाही. आधी नवऱ्याला निरोप पाठवते. निम्मे येतात. उरलेल्या निम्म्यांच्या घरी मात्र मशीननेही काही होत नाही.