सव्वासहा फुटांचा फरक

भावसिंगच्या डोळ्यांत धूळ फेकायची तर तीही त्याला आधी मोजून द्यावी लागेल, असं तांड्यात म्हणत. महागावच्या बाजारापासून कोसभरावर तो तांडा. भावसिंगचं वय सदुसष्ट. उभी हयात विहिरी बांधण्यात गेली. खोदणारे वेगळे, सुरुंग लावणारे वेगळे. तळापासून काठापर्यंत दगडाचं गोल कडं चढवायचं काम भावसिंगचं. शाळा चौथीपर्यंत, पण गोलाचा हिशेब हातात मुरलेला. सात फूट रुंदी तर बावीस फूट घेर, हे त्याला पाढ्यासारखं पाठ होतं.

तरुणपणी एकदा त्यानं दुसऱ्याच्या टेपवर विश्वास ठेवला होता. त्या टेपचं टोक तुटलेलं, आणि कुणीतरी पुढचे चार इंच कापून पत्र्याची कडी पुन्हा ठोकून दिलेली. तीन थर चढल्यावर कळलं की कडं वाकडं चाललंय. तिन्ही थर उतरवावे लागले. तेव्हापासून कुणाचीही टेप हाती आली की तो आधी तिचं टोक बघे. मग ही खोड टेपपुरती राहिली नाही. बियाण्याचं पाकीट तो कानाशी हलवून बघे. कंडक्टरला वेळ विचारली की लगेच मागच्या प्रवाशालाही विचारे. त्याची बायको लालीबाई सांगायची, "लग्नात यानं माहा घुंगट दोन डाव उचलून पाह्यला. म्हने, पोट्टी तेच हाय ना?"

अशा माणसाची नात राखी आठवीत शिकत होती आणि हरणासारखी पळत होती. यंदाच्या सप्टेंबरात तालुक्याच्या शालेय स्पर्धा भरल्या, तेव्हा भावसिंग धुतलेलं धोतर नेसून दोनशे मीटरची शर्यत बघायला गेला.

मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या होत्या. दोन सरळ बाजू, दोन अर्धगोल, एक पूर्ण चक्कर म्हणजे दोनशे मीटर. सहा मुली उभ्या राहिल्या आणि भावसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या. राखी सगळ्यांत आतल्या लेनीत, सगळ्यांच्या मागे. दुसरीतली मुलगी तिच्यापुढे, तिसरीतली त्याहून पुढे. सहाव्या लेनीतली तर पार वळणावर, शे-सव्वाशे फूट पुढे जाऊन उभी.

"ओ मास्तर!" भावसिंग दोरीखालून वाकून आत शिरला. "शर्यत हाय का वरात? आमच्या तांड्याची पोट्टीच काहून मागं?"

मैदान आखणारे अमर सर शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "काकाजी, बाहेरची लेन लांब पडते. म्हणून बाहेरच्या पोरी पुढे उभ्या करतात. सगळ्यांना दोनशेच मीटर पळायचंय."

"असं कोन म्हनते?"

"नियम आहे. बाजूला व्हा, पोरी थांबल्यात."

भावसिंग बाजूला झाला, पण 'नियम आहे' हे दोन शब्द त्याला खटकत राहिले. ज्याला समजावून सांगता येत नाही तो नियमाचं नाव सांगतो, असा त्याचा अनुभव होता.

शिट्टी वाजली. राखी आतल्या रेषेला चिकटून पळाली. शेवटच्या वळणानंतर तिघी पुढे होत्या. एका मोठ्या शाळेची मुलगी सहज पहिली आली. राखी दुसरी. तिच्या मागे एका पावलावर सुरभी, गावातल्या बबनराव शेतकऱ्याची मुलगी. पहिल्या दोघी यवतमाळला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. राखी नाचत आजोबाकडे आली.

"दादा, मी दुसरी!"

"पयली असती," भावसिंग म्हणाला. "तुले मागं उभं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं खुंटीवरची जुनी दोरी काढली. फुटाफुटावर गाठ मारलेली, मेण लावलेली दोरी. राखीला म्हणाला, "चाल. दुसरं टोक धराले कोनी पायजे."

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मुलांच्या शर्यती दहाला सुरू व्हायच्या होत्या. भावसिंगनं आधी लेनीची रुंदी मोजली. चार फूट. मग पहिल्या लेनीतल्या मुलीच्या जागेपासून दुसरीतल्या मुलीच्या जागेपर्यंतचं अंतर वळणावळणानं मोजलं. पंचवीस फूट. दुसरी ते तिसरी, पंचवीस. तिसरी ते चौथी, पंचवीस. तो तिथंच उकिडवा बसला.

"काय झालं, दादा?"

"विहीर," तो म्हणाला.

"कोनती विहीर?"

भावसिंगनं बोटानं मातीत एक गोल काढला, त्याच्याबाहेर दुसरा. "हे पाह्य. विहिरीची भिंत फूटभर जाड केली का बाहेरचा घेर सव्वासहा फुटानं वाढते. विहीर लहान राहो का मोठी. दहा फुटाची असो का तीस फुटाची, सव्वासहाच. मी जिंदगीभर तेवढेच दगड जास्त मांगत होतो. हितं भिंत चार फुटाची. सव्वासहा चोक?"

"पंचवीस," राखी म्हणाली.

"तेच. दोन अर्धगोल मिळून एक पुरी विहीर झाली." त्यानं मान हलवली. "मास्तर खोटा नाई."

कुणी दुसरा असता तर दोरी गुंडाळून घरी गेला असता. पण भावसिंगचा संशय असा एका दमात मरत नसे. आरंभ खरा निघाला, म्हणून सगळंच खरं असेल असं कशावरून? तो लेन मोजत पुढे निघाला. पहिलं वळण ठीक. समोरची सरळ बाजू ठीक. दुसऱ्या वळणावर तो थबकला. पहिली लेन इथं डोळ्यालाच रुंद दिसत होती. दोरी टाकली. सहा फूट.

बाकीच्या लेनी चार-चार फूट, हीच तेवढी सहा. बाहेरची रेषा जागेवर होती, आतली रेषा दोन फूट आत सरकली होती. सरळ बाजूला जिथं ती मिळत होती तिथं कुणीतरी बुटानं फक्की फिरवून सांधा जुळवल्यासारखा केला होता. ही फक्की नवी, जाड. बाकीची जुनी, फिकट. शेजारी पाण्याच्या टँकरच्या चाकांचे खोल ठसे.

वळणाच्या मध्यावर एक लाकडी दांडकं ठोकलेलं होतं, चांगलं चार इंच जाड. आखायची दोरी अजून त्यालाच होती, तिचे दोन वेढे दांडक्याभोवती करकचून बसलेले. पहिल्या वळणाच्या मध्यावर मात्र बोटाएवढी लोखंडी खुंटी होती आणि दोरीच्या कडीची खूण.

भावसिंगला सगळं चित्र दिसलं. काल शर्यतीआधी टँकरनं रेषा पुसली, घाई झाली, खुंटी सापडली नाही म्हणून दांडकं ठोकलं, त्यात कडी बसेना म्हणून दोरी त्याला गुंडाळली. चार इंच जाडीला एक वेढा म्हणजे फूटभर दोरी. दोन वेढे, दोन फूट. तेवढी दोरी दांडक्यानं खाल्ली आणि रेषा आत आली.

"अर्धा गोल," तो पुटपुटला. "दोन फुटाचा अर्धा म्हणजे एक फुटाचा पुरा. सव्वासहा फूट." मग त्यानं नातीकडे न बघता विचारलं, "छोरी, काल तू या वळणावर कोनत्या बाजूनं पळाली?"

"आतल्या रेषेले धरून. सर म्हने तसंच पळाचं असते."

राखी हुशार होती. विचारता विचारताच तिचा चेहरा उतरला. "म्हंजे मी कमी पळाली?"

"सव्वासहा फूट."

"आन् सुरभी मागं होती..."

"एक पाऊल."

कुठंतरी शाळेच्या छपरावर होले घुमत होते. राखीनं दोरीचं टोक सोडून दिलं.

"दादा, कोनाले मालूम नाई."

"हो."

"सर आता रेषा पुसतीन. मुलांसाठी नवीन मारतीन. चला ना घरी."

भावसिंग ध्वजाच्या चबुतऱ्यावर बसला. तंबाखू मळली आणि तोंडात टाकायची विसरला. त्याच्या मनात आता दहा दिशांनी संशय उठला. मास्तरनं मुद्दाम केलं असेल? पण राखी त्याची कोण? उद्या बबनरावाच्या ध्यानात आलं तर तो म्हणेल, तांड्याचा म्हातारा सकाळी दोरी घेऊन मैदानात होता, त्यानंच रेषा सरकवली. सांगितलं तर नात गमावली, नाही सांगितलं तर कुणीतरी कधीतरी बोट दाखवणार. आणि या सगळ्याच्या खाली, सगळ्यांत नकोसा एक संशय स्वतःवरच होता: राखीची लेन सव्वासहा फूट लांब निघाली असती, तर आपण एव्हाना अख्खं महागाव गोळा केलं असतं की नसतं?

"मले जिल्ह्याले जाचं हाय," राखी रडत म्हणाली.

"मालूम हाय मले."

साडेआठला अमर सर आले. भावसिंगनं त्यांना वळणावर नेलं, दांडकं दाखवलं, वेढे दाखवले. सरांनी स्वतःच्या टेपनं मोजलं. टेपचं टोक आधी भावसिंगनं बघून घेतलं. सरांचा चेहरा पांढरा पडला.

"काकाजी, खरं सांगा, तुम्ही तर नाही ना हात लावला?"

"माह्याच नातीचं नुकसान करून?"

"तेच तर कळत नाही मला."

बबनरावांना निरोप गेला. ते मोटारसायकलवर आले, मागे सुरभी. सगळं ऐकून त्यांनी भावसिंगकडे खालून वर पाहिलं. "आपल्याच पोट्टीच्या इरोधात कोनी बोलते का? याच्यात काई तरी डाव हाय."

"काय डाव?"

"ते मले काय मालूम? तुले मालूम."

बराच वेळ वादावादी झाली. स्पर्धेच्या पंचांनी शेवटी ठरवलं की पहिलीचा नंबर कायम, त्या मुलीचा आणि बाकीच्यांचा फरक मोठाच होता. दुसऱ्या जागेसाठी राखी आणि सुरभी पुन्हा पळतील, पहिली लेन सोडून. सुरभी तिसऱ्या लेनीत, राखी चौथ्या. दोघी उभ्या राहिल्या आणि बबनराव ओरडले, "थांबा! हे पोट्टी पंचवीस फूट पुढं काहून? आता समजला डाव!"

सरांनी हताश होऊन भावसिंगकडे पाहिलं. मग काल आरडाओरड केलेल्या माणसानं आज बबनरावांपुढे बसून मातीत दोन गोल काढले, विहीर सांगितली, भिंत सांगितली. बबनरावांची स्वतःची विहीर होती, भावसिंगनंच बांधलेली. ते ऐकत राहिले, पण पटलं असं तोंडानं म्हणाले नाहीत. "दोरीनं दाखव," म्हणाले. भावसिंगनं दोन्ही लेनी दोरीनं मोजून दाखवल्या. तोवर ऊन चढलं होतं.

शर्यत झाली. सुरभी दोन पावलांनी पुढे आली.

राखी रडली नाही. आजोबाच्या शेजारून सरळ चालत फाटकाबाहेर गेली आणि तांड्यापर्यंत त्याच्या पुढे पन्नास पावलं राहिली. घरी लालीबाईनं सगळं ऐकलं आणि चुलीवरची भाकरी उलटायची राहून गेली.

"दुनियेवर शंका घेता घेता घरचंच नशीब मोजाले गेला," ती म्हणाली. "एक डाव डोळे मिटले असते तं?"

"मिटले होते," भावसिंग म्हणाला. "मिटूनबी दिसत होतं."

त्या दिवसापासून राखी त्याच्याशी बोलेना. ताट समोर ठेवी, पाणी ठेवी, शब्द नाही. भावसिंगनं तिच्यासाठी बाजारातून बुटांच्या नाड्या आणल्या. त्या तशाच कोनाड्यात पडून राहिल्या. अमर सरांनी पुढच्या स्पर्धेचं मैदान आखायला मदतीला बोलावलं. आपल्याला गप्प बसवायची ही युक्ती तर नाही, असं त्याला आधी वाटलं. तो गेला, आखून दिलं, आणि खुंटीला लोखंडी कडीच पाहिजे यावर अडून बसला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी बबनराव तांड्यावर आले. यवतमाळची स्पर्धा होऊन गेली होती. ओट्यावर टेकत ते म्हणाले, "पाचवी आली आमची."

"बरी आली," भावसिंग म्हणाला.

"बरी कायची? तिले सहावी लेन देल्ली. पार बाहेरची. मुद्दाम, गावखेड्याची पाहून." मग म्हणाले, "तू असता तं मोजून घेतलं असतं."

"लेनीनं काई होत नाई, भाऊ."

"तुले काय मालूम? तू होता काय तिथं?"

खरंच, भावसिंग तिथं नव्हता, आणि न मोजलेल्या मैदानाची ग्वाही तो कशी देणार? तो पुन्हा विचारात पडला. तेवढ्यात राखी चहा घेऊन दारात आली.

"बाहेरचं वळण मोठं असते, काका," ती बबनरावांना म्हणाली. "पाय फिरवाले सोपं जाते. आतली लेन वाईट. तिथं वळण आवळ असते, पळता पळता बाहेर फेकल्यासारखं होते." कप ठेवता ठेवता तिनं विचारलं, "सुरभीनं बूट घातले होते का अनवानी पळाली?"

"बूट," बबनराव म्हणाले. "नवे घेतले होते. टाच सोलली."

"नवे नव्हते घालाले पायजे," राखी म्हणाली आणि दाराच्या चौकटीलाच टेकून उभी राहिली.

भावसिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर ती आत जाईल, अशी त्याला शंका होती. त्यानं कप उचलला आणि बबनरावांना विचारलं, "किती अंतरानं गेली पोट्टीची चौथी जागा?"

"असंन दोन-तीन फूट."

"दोन का तीन?" आतून लालीबाईनं विचारलं, आणि राखीला हसू आलं.