दीपालीचा पाय रेषेबाहेर होता का

एक तक्रार केली की तिच्यामागून किस्से येतच राहतात, हे मला यंदा कळलं. आमच्या मानोऱ्याच्या गल्लीत चहाला बसलं की आता हाच विषय. मी शिकलेली सातवीपर्यंत, पण प्रत्येक ठिकाणी हजर होते, म्हणून मीच लिहिते. बोलावलं कोणी नव्हतं, ते सोडा.

मूळ गोष्ट एवढीच. शेजारच्या वनिताची दीपाली दहावीला, शाळेच्या कबड्डी टीमची कॅप्टन. तालुक्याची फायनल, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. पोरगी एकीला शिवून परत येत होती, तेवढ्यात पंच सरांची शिट्टी. "पाय रेषेबाहेर. बाद." एका गुणानं मॅच गेली. जिंकलेली टीम वाशिमला जिल्ह्याला जाणार होती.

दिवसभराच्या मॅचेसमध्ये चुन्याची रेषा केव्हाच पुसली गेली होती. मी मैदानात घुसले.

"सर, रेषा कुठी आहे?"

"मले दिसते."

"मंग आमाले काहून दिसत नाही?"

"तुमी पंच नाही, मावशी."

*

अर्ज लिहायला वनिताच्या ओट्यावर बसलो. शेवटी मी सवयीनं 'नम्र विनंती' लिहिलं. वनिता म्हणाली, "नम्र कायले? आपण नम्र आहो का?" खोडलं.

तिचा नवरा आतून म्हणाला, "राहू द्या व, पोरीचं नाव खराब होईन."

दीपाली बुटाची लेस बांधत होती. म्हणाली, "खराब तं बाद म्हणून झालंच नं, बाबा."

तो बाहेर आला, पेन घेतलं. अर्जावर पहिली सही त्याचीच आहे.

*

शाळेत क्लार्क म्हणाला, "तक्रार पंचप्रमुखाकडे द्या लागते."

पंचप्रमुख कोण, तर तेच सर!

सरांनी उभ्या उभ्या अर्ज वाचला. "याच्यात तं माह्याच विरुद्ध लिवलं आहे."

"हो सर. पोच द्या."

दिली बिचाऱ्यांनी. स्वतःच्या विरुद्धच्या अर्जावर स्वतःच सही, शिक्का, तारीख. अक्षर मात्र सुंदर आहे त्यांचं.

*

दोन दिवसांनी सरांच्या घरच्या बाई पिठाच्या गिरणीवर भेटल्या. हळूच म्हणाल्या, "यायले घरी समोरची मिठाची बरणी दिसत नाही."

मी म्हटलं, "ताई, एवढं लिहून द्याल का?"

दळण तिथंच ठेवून गेल्या.

*

मग तालुक्याच्या क्रीडा मॅडम चौकशीला मैदानावर आल्या. सर ठाम होते. "चाळीस मॅचेस घेतल्या म्या. रेषा डोळे मिटून सांगतो."

दीपालीनं चुन्याचा डबा त्यांच्या हाती दिला. "सर, त्या दिवशी जिथं होती, तिथं मारून दाखवा."

सरांनी ऐटीत मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सरळ. मॅडमनी मान डोलावली. वनितानं माझा हात घट्ट धरला.

आमच्याकडे मैदान आखताना चारी कोपऱ्यांत मोठे खिळे ठोकतात आणि त्यांना दोरी बांधून चुना टाकतात. खिळे सीझनभर मातीतच राहतात.

दीपाली सरांची रेषा ओलांडून वीतभर बाहेर गेली. टाचेनं माती उकरली. खिळा वर आला. दुसऱ्या टोकाला गेली, तिथंही उकरलं. तिथंही खिळा.

मग ती परत आली, रेषा आणि खिळ्याच्या मधल्या जागेत पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली,

"सर, आता वाजवा शिट्टी."