बाटलीतली अळी

पोळ्यानंतरच्या सोमवारी माझ्या पुतणीला तिसऱ्या केमोसाठी नागपूरला न्यायचं होतं. तिला नेलं नाही. त्या दिवशी मेडशी गावी, भावाच्या घरीच तिला हाडं मजबूत करणाऱ्या औषधाचं सलाईन लावण्यात आलं.

पुतणी सोळा वर्षांची आहे. गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर. गाठ आटोक्यात राहिली तर ऑपरेशनमध्ये पाय वाचवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी अकोल्यात एका दैनिकात काम करतो. मला हे गुरुवारी कळलं. संध्याकाळच्या बसने गेलो. मुलगी तापाने फणफणली होती. मोठ्या भावाने मोबाईल पुढे केला. दुसऱ्या एका दैनिकाचं कात्रण होतं: ‘हाडं मजबूत करणाऱ्या औषधाने कॅन्सरचा खात्मा’.

“खुबा मोडला तवा आपल्या मायले हेच लावलं होतं,” भाऊ म्हणाला. “मेडिकलवाला बी म्हने, तेच हाय. त्यानंच मानूस धाडला सलाईन लावाले. मंग पोरीले केमोच्या उलट्या कायले?”

“दादा, त्या पेशी प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत मेल्या. माणसाच्या अंगात नाई.”

“पेशी तं पेशीच असते ना! तुमी पेपरवालेच छापता, अन तुमीच नाई म्हनता.”

भाऊ वांगी पिकवतो. मी विचारलं, “कृषी केंद्रात फवारनीच्या औषधाचा एजंट बाटलीतली अळी मारून दाखवते, तवा तू काय म्हनतं?”

खाटेवरून मुलगी बोलली.

“बाबा म्हंते, बाटलीत तं थुकलं तरी अळी मरते, माया वांग्यावर मारून दाखव.” मग बापाकडे पाहून म्हणाली, “मले बाटली समजले का, बाबा? गाडी बोलवा.”

भावाने गाडी सांगितली.

नागपूरच्या डॉक्टरांनी आवाज चढवला. हे औषध केमोसोबत रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आहे, या कॅन्सरात फायदा दिसला नाही, असं ते म्हणाले. केमोच्या जागी ते कुणी दिलं, हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला.

दवाखान्याच्या जिन्यावरून मी त्या दैनिकाला फोन लावला. बातमी वृत्तसंस्थेची होती, मूळ प्रत आमच्याकडेही आली होती. प्रयोग फक्त पेशींवर झाला, रुग्णांवर नाही, हे तिच्या शेवटच्या परिच्छेदात होतं.

“ऐनवेळी जाहिरात आली,” उपसंपादक म्हणाला. “खालून कापलं. खालूनच कापतात साहेब, तुम्हाला काय सांगायचं!”

खालून कापतात, हे मला माहीत आहे. पण ‘खात्मा’ हा शब्द मूळ प्रतीत वर, खाली, कुठेच नव्हता. तो कापाकापीत आलेला नाही. तो कुणीतरी खुर्चीवर बसून, विचार करून लिहिला. मी खुलासा मागितला. “बघतो,” म्हणाला. खुलासा छापलेला नाही. मेडिकल रोज उघडतं.

त्या सलाईनमुळे मुलीच्या मूत्रपिंडावर ताण आल्याचं रक्ततपासणीत दिसलं. त्यामुळे तिसरी केमो आणखी दोन आठवडे थांबवावी लागली. ऑपरेशन पुढे गेलं. नव्या स्कॅनमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी आहे. पाय ठेवायचा की काढायचा, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.