इंजेक्शनचा सौदा

बार्शी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची रानं लागतात आणि लांब डोंगरावर पवनचक्क्या दिसू लागतात. येरमाळ्याच्या फाट्यावर उतरलो तर एकाने विचारलं, "देवीला का, पाव्हणं?" विचारणारा काहीतरी विकणारच, हे मला बाजाराने शिकवलंय. झालंही तसंच. त्याची भाड्याची जीप होती. मी चालतच भावाच्या गावाकडे निघालो.

मी बारामतीचा हेडी (जनावरांचा दलाल). धाकटा भाऊ नामदेव आधी माझा धंद्यातला जोडीदार होता, आता येरमाळ्याजवळच्या गावात राहतो. धंद्यात असतानाच त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. जेवणात विष घातलंय म्हणून तो उपाशी राही. गावाने अंगात वारं आलं म्हणून दोरे बांधले. गुण आला तो धाराशिवच्या गोळ्यांनी. पण दर महिन्याला गोळ्यांसाठी धाराशिव गाठायचं. यंदा काढणीत एक खेप चुकली, गोळ्यांत खंड पडला आणि नामदेव पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. तापाची गोळी गावात मिळते, मग हीच का मिळत नाही? हा राग घेऊनच मी आलो होतो.

त्याची बायको शोभा हिने धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, पातळ थापलेले) बांधून घेतले आणि आम्ही तिघे एसटीत बसलो. येडशीला गाडी थांबली. मी चहा हुंगून पाहिला, दूध शिळं वाटलं. शेजारी नामदेवही कप हुंगत होता.

"एक आजारी, एक हेडी," शोभा म्हणाली. "हुंगताय मात्र दोघंबी सारखंच! आणा हिकडं, मीच पिते आधी."

तेवढ्यात रामलिंगाच्या जंगलातल्या एका माकडाने तिच्या मांडीवरून धपाटा पळवला. मी दगड उचलला, पण नामदेवने माझा हात धरला. तो माकडाकडे टक लावून बघत होता.

"त्यानं खाल्लं," माकडाने धपाटा संपवल्यावर तो म्हणाला. "मेलं न्हाय."

मग त्याने स्वतःहून एक धपाटा घेतला. शोभाने तोंड फिरवून डोळे पुसले.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. म्हणाले, रोजच्या गोळ्या चुकतात, तर महिन्यातून एक इंजेक्शन देऊ.

"ह्यात खोड काय?" मी विचारलं. म्हैस घेताना विचारतो तसंच.

"वजन वाढू शकतं. हात थरथरू शकतात. तपासायला यावं लागेल."

मालाची खोड स्वतःहून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझा संशय आणखी वाढला.

नामदेव मागे सरकला. "न्हाय. हितं भिंतीबी ऐकतात. म्या परत यायचा न्हाय."

समजावून झालं, दटावूनही झालं. मग त्याने अचानक माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. त्याने माझं एकच बोट दाबलं आणि म्हणाला, "हितं एकदाच. म्होरलं येरमाळ्यात."

मी त्याचा पंजा दाबला. सौदा पक्का झाला. त्याने बाही वर केली.

इंजेक्शन झाल्यावर मी डॉक्टरांकडे वळलो. "म्होरलं येरमाळ्यात द्यायचं."

"बघू. तिथं औषध पोचायला मंजुरी लागेल."

"'बघू' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नसतं, साहेब. फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

आवाज चढला होता. बाहेरचे लोक दारात जमले. डॉक्टरांनी येरमाळ्याच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, औषध आलं तर देऊ.

'आलं तर'! त्या 'तर'मध्ये किती माणसं कोपऱ्यात बसून राहिली असतील!

दुसऱ्या दिवशी मी येरमाळ्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन भांडलो. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. फाट्यावर नामदेव मला पोचवायला आला होता. एसटीत चढताना त्याने पुन्हा रुमाल टाकला आणि तेच एक बोट दाबलं. या वेळी त्याचा अर्थ, पुढचं इंजेक्शन एका महिन्याने, येरमाळ्यातच.

आता बारामतीत आहे. डॉक्टरांच्या फोनवर माझा भरवसा नाही, केंद्राच्या 'या'वर तर मुळीच नाही. पुढच्या आठवड्यात जाणार आहे आणि औषध डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिथून उठणार नाही. घरच्या भाकरीवरही ज्याचा विश्वास उरला नाही, त्या माणसाने एकाच माणसाचा शब्द खरा धरलाय, आणि तोही एका हेड्याचा.